तानाबाईंच्या गच्चीवरून

अमरसिंह सरांनी तानाबाईंना पाहिलं त्याच्या आधी त्यांचा आवाज ऐकला. साल चौऱ्याऐंशी, एप्रिल महिना. सर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. दिवसा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्यांना मैदानावर लाउडस्पीकरवरून बोलायचे. आवाज भारदस्त आणि भाषा स्वच्छ, म्हणून पेठापेठांचे फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालीमवाल्यांनीच त्यांना माइकपुढं बसवलं होतं.

त्या दिवशी वरच्या तालमीनं गोल केला. गोलापुढं धुरळा उठला होता, सात-आठ पोरं एकमेकांवर पडली होती. सरांनी अंदाजानं जाहीर केलं, "गोल करणारे खेळाडू, मोहित्यांचे थोरले."

गलका ओसरून चेंडू मध्यावर चालला होता. तेवढ्या शांततेत पाठीमागून बाईचा आवाज आला. "थोरला न्हवं वो, धाकला. थोरल्याच्या पायात पट्टी हाय आज."

सरांनी वळून पाहिलं. मैदानाच्या भिंतीपलीकडं एक मोकळा प्लॉट होता आणि प्लॉटच्या पलीकडं एका बैठ्या घराची गच्ची. गच्चीवर जुनी लुगडी अंथरून पापड वाळत घातलेले. कावळे हाकायला हातात काठी घेऊन एकोणीस-वीस वर्षांची नवी सून उभी होती. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. सरांना एवढं ऐकवून ती गच्चीच्या दुसऱ्या कडेला गेली आणि खाली गल्लीत तोंड करून म्हणाली, "धाकल्यानं मारला गं. डाव्या पायानं."

खाली नळाला पाणी आलं होतं आणि घागरी घेऊन बायकांची रांग लागली होती. गल्लीतला एकूण एक पुरुष मैदानावर. बायकांना मैदानावर जायला कुणी मनाई केली नव्हती, पण आजवर कुणी गेलीही नव्हती. नेसरीहून लग्न होऊन आलेल्या या पोरीला सासूनं पापड राखायला गच्चीवर धाडलं आणि गल्लीतल्या बायकांना फुटबॉल मिळाला.

सरांनी चूक दुरुस्त केली. "क्षमस्व. गोल धाकट्या मोहित्यांचा." गॅलरीत हशा पिकला.

पुढं त्यांना तिकडं कान द्यायची सवयच लागली. तानाबाई चेंडूबद्दल फार बोलायच्या नाहीत. चेंडू कुठं गेला ते गलक्यावरून गल्लीला कळायचंच. त्या माणसांबद्दल सांगायच्या. खालच्या तालमीच्या गोलकीपरनं सोपा चेंडू सोडला, की म्हणायच्या, "बायको म्हायेरला गेलीया त्येची, उपाशी उभा हाय." कुणी फार वेळ जमिनीवर लोळला, की, "आईला बलवा गं कोणतरी, तिच्याशिवाय उठायचा न्हाय त्यो." रांगेतल्या बायका हसायच्या, घागर भरून वाहायला लागायची. त्या सांगण्यावरूनच कुठल्या घरात आज जेवणं होणार आणि कुठलं ताट तसंच परत जाणार, हे घराघरांत कळायचं. तालीम हरली की कोल्हापुरातले पुरुष जेवत नाहीत, निदान तेव्हा जेवत नसत.

गोल कुणाचा याची शंका आली, की सर मान वळवून गच्चीकडं बघायचे. तानाबाई बोटांनी जर्सीचा नंबर दाखवायच्या. पंचवीस वर्षं हा कारभार चालला. दोघांत बोलणं मात्र कधी झालं नाही. दोन हजार नऊ साली मोकळ्या प्लॉटवर पाच मजली इमारत उभी राहिली आणि गच्ची दिसेनाशी झाली. त्यानंतर थोड्या वर्षांनी सरांनीही माइक सोडला. आता सामन्याच्या मध्ये गाणी लावणारी तरुण पोरं आली होती.

गेल्या वर्षी मुलींची लीग सुरू करायचं ठरलं, तेव्हा समितीला जुनी, भांडणात न पडलेली माणसं हवी होती. सरांना बोलावलं. पहिलाच प्रश्न होता संघांच्या नावांचा. पुरुषांच्या सामन्यात पेठेचं नाव आलं की गॅलरीत चप्पल उडते, पोलिस येतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं. सर म्हणाले, "पेठा नकोत. नद्यांची नावं देऊ." भूगोलाच्या मास्तरांनी सहा संघांना जिल्ह्यातल्या सहा नद्या वाटून दिल्या. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, वारणा, हिरण्यकेशी. मुली चिठ्ठ्या टाकून वाटल्या. आणखी एक नियमही सरांनीच स्वतःच्या अक्षरात लिहिला. माइकवरून पेठेचं, गल्लीचं, तालमीचं नाव घ्यायचं नाही. समितीनं टाळ्या वाजवल्या.

सामने दाखवायचं काम शिवकुमारनं घेतलं. तो मूळ जयसिंगपूरचा. शाळेपुरता मामाकडं राजारामपुरीत राहिला आणि सरांच्या वर्गात बसला. आता त्याचं स्थानिक केबल चॅनल होतं, यूट्यूबवरही थेट दाखवायचा. लीगचा खर्च जयसिंगपूरच्या एका भडंगवाल्या व्यापाऱ्यानं उचलला होता, तोही शिवकुमारच्या शब्दावर. चॅनलपुरतं वर्णन करायला सरांशिवाय दुसरं कोण? सर सत्तरीला आले होते, पण आवाज अजून तोच होता.

पहिल्या सामन्याला एका वेळी दोनशे बारा माणसं बघत होती. मध्यंतराला साठ. पाचव्या सामन्याला सुरुवातच नव्वदनं झाली. गॅलरीत मुलींचे घरचे, पाच-पन्नास जण, तेही सावली बघून बसलेले.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर शिवकुमारचं ऑफिस होतं. त्यानं सरांना बोलावून खुर्ची पुढं केली आणि पडद्यावर एक उतरती रेघ दाखवली. "सर, माणूस येतो, सरासरी चार मिनिटं थांबतो आणि जातो."

"खेळ चांगला होतोय रे. ती हिरण्यकेशीची गोलकीपर, रक्षिता, तिच्यासारखी उडी मी पुरुषांत बघितली नाही."

"खेळ चांगला हाय सर. कोण खेळतंय तेच कळत न्हाय बघणाऱ्याला." शिवकुमारनं पडदा बंद केला. "भडंगवाल्या काकांनी सांगितलंय. रविवारच्या उपांत्य सामन्याला एका वेळी तीन हजार माणसं दिसली पाहिजेत. न्हाय दिसली तर फायनल दाखवायची न्हाय, आणि पुढच्या वर्षी लीगमधनं ते बाहेर. मग लीग कशी चालणार, तुम्हीच सांगा."

सरांच्या डोळ्यापुढं रक्षिताच आली. ती नेसरीकडची. कॉलेजसाठी कोल्हापूरला वसतिगृहात राहायची. वडील नागाप्पा चार म्हशी सोडून सामन्याला येऊ शकत नव्हते. पहिल्या आठवड्यात तिनं सरांना सहज सांगितलं होतं, "अप्पा म्हणाल्यात, मला फोनवर दिसतंय तोवर खेळ. दिसायचं बंद झालं की पुस्तक हातात धरायचं." दाखवणं बंद म्हणजे तिचं खेळणं बंद. अशा आणखी किती जणी असतील, हे सरांनी विचारलं नव्हतं. विचारायला पाहिजे होतं, असं त्यांना जिना उतरताना वाटलं.

रिक्षा न करता ते चालत निघाले. मैदानाच्या मागच्या गल्लीत त्यांचे पाय कसे वळले ते त्यांनाच कळलं नाही. गल्लीत नळाची रांग नव्हती, घरोघर टाक्या झाल्या होत्या. बैठं घर तसंच होतं. उंबऱ्यात बसून तानाबाई लसूण सोलत होत्या.

"कोण पावणं म्हणायचं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मी अमरसिंह. शाळेत होतो. मैदानावर माइकवर..."

लसणावरचा हात थांबला. "आवाज वळखला की. बसा पायरीवर. धाकल्याचा थोरला करणारं सर न्हवं तुमी?"

"एकदाच झालं ते."

"तीनदा. मी मोजलंय." त्यांनी आत बघून पाणी आणायला सांगितलं. "आज हिकडं कुठं?"

"मुलींची लीग चाललीय. तुम्ही बघत असाल म्हणून म्हटलं..."

"कुठं चाललीया?"

"इथंच. तुमच्या पाठीमागं. पंधरा दिवस झाले."

तानाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं मैदान बंद हाय. गवताचं काम काढलंय म्हणत हुतं कोणतरी. आवाजच न्हाय की वो."

मग त्यांनी सांगितलं. ती इमारत झाल्यापासून गच्चीवरून एकच गोल आणि कोपऱ्यावरचा झेंडा दिसतो. बाकीचा सामना त्या कानानं बघतात. वरच्या तालमीचा गोल झाला की आवाज डावीकडून उठतो, खालच्याचा उजवीकडून. हुकला तर लांब, खाली उतरत जाणारा. पंच चुकला तर शिट्ट्या. सोळा वर्षं त्यांनी असे सामने बघितले, आणि सुनेला, शेजारणींना सांगितले. "पोरी खेळत्यात आणि कोण वरडत न्हाय, म्हटल्यावर मला कसं कळायचं? आन् एवडं लांब गप का बसलीत माणसं?"

सरांनी नद्यांची गोष्ट सांगितली. नियमाचीही.

तानाबाई ऐकून हसल्या, पण मनापासून नाही. "नद्या कधी फुटबॉल खेळल्यात व्हय सर? हितल्या माणसाला पोरगी कुणाची ते कळूद्या की आधी. कुणाची म्हायीत झाल्याबिगर त्यो तिच्यासाठी वरडायचा कसा?"

पंचवीस वर्षं सर खेळाडूंची नावं अचूक सांगत होते आणि गच्चीवरून ही बाई नावापलीकडचं सांगत होती. नळावरच्या बायका घागर वाहू देऊन कुणाचं ऐकत होत्या, ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी त्यांना ते आत्ता कळलं.

"रविवारी माझ्या शेजारी बसाल का? माइकवर?"

"मी?" तानाबाईंनी लसणाची पाकळी उचलली, परत ठेवली. "माइक न्हाय बाई. मी गच्चीवरनं बोलतो, ते येगळं." कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं 'बोलतो', 'येतो' म्हणत त्यांनी तीन वेळा नाही म्हटलं. सरांनी मग रक्षिताबद्दल सांगितलं. नेसरीकडची, चार म्हशी, फोनवर दिसतंय तोवर. तानाबाईंनी विचारलं, "नागाप्पा म्हंजे तळ्याकडच्या वस्तीवरचा काय? त्येच्या आईचं नाव दानम्मा?" आणि सरांना ते माहीत नाही म्हटल्यावर, "बघा, हेच म्हायीत न्हाय तुमास्नी." मग म्हणाल्या, "येतो. पर पोरी मला आदी बघायच्या हायत."

रविवारी अडीचलाच त्या मैदानावर हजर झाल्या. इस्त्रीचं इरकल, पायात चपला नव्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंतीच्या आतल्या बाजूला आल्या होत्या. गवताच्या कडेला त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वरनं बारकं दिसायचं." मग मुलींच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसल्या. एकेक मुलगी पुढ्यात.

"कुणाची गं तू?"

पंचगंगेची स्वप्नाली, पाठीवर नऊ नंबर. "बाळासो रिक्षावाल्यांची."

"कुठला बाळासो? तिकटीवर भजी खात हुबा असतोय त्यो?"

"त्योच."

"आन् भजी संपत आली की भाडं नाकारतोय."

मुली हसून एकमेकींवर कलल्या. सर वही घेऊन लिहीत होते. तानाबाईंनी वहीकडं बघितलंही नाही. रक्षिताची पाळी आली तेव्हा त्यांनी तिच्या हातमोज्यांवर हात ठेवला. "तुझी आजी दानम्मा आणि मी येका आडावर पानी भरलंय. तुज्याएवढीच हुतो. दानम्मा अव्वाचं नाक तुझ्याकडं आलंय बघ." रक्षितानं नाकाला हात लावला आणि लाजली.

चार वाजता सामना सुरू झाला. गॅलरीच्या कडेला पुढून उघडी अशी माइकची खोली होती आणि शेजारी काचेपलीकडं शिवकुमारची यंत्रं. शिवकुमारनं कानाला लावायचं यंत्र दिलं, ते तानाबाईंनी टेबलावर ठेवलं. पहिली पाच मिनिटं त्या बोलल्याच नाहीत. सर एकटे बोलत होते. नऊ नंबर, सात नंबर, चेंडू बाहेर. शिवकुमारनं काचेपलीकडून एक बोट दाखवलं. शंभर.

मग स्वप्नाली उजव्या कडेनं निघाली आणि तानाबाईंच्या तोंडून आपोआप निघालं, "ही बगा, बाळासो रिक्षावाल्याची थोरली. काय पळतीया. बाळासो, रिक्षात बसून बघत असशील तर बाजूला लाव रिक्षा, मागं गाड्या थटल्यात. आन् ही पुढं आली ती खालच्या गल्लीतली, झुंबरबाईच्या लेकीची लेक. झुंबरबाईनं जल्मात कुणाला वाट दिली न्हाय, ही काय देतीया."

गॅलरीतून समितीचे सचिव उठले. त्यांनी सरांना हातानं खूण केली, बंद करा. गल्लीचं नाव आलं होतं. माइकचं बटण सरांच्या बोटाखाली होतं. नियम त्यांच्याच अक्षरातला होता. सरांनी सचिवांकडं बघितलं, मग बटणावरचं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. सगळ्या आयुष्यात त्यांनी स्वतः लिहिलेला नियम मोडल्याचं हे पहिलं उदाहरण. ते शांतपणे म्हणाले, "तानाबाई, हिरण्यकेशीच्या गोलकीपरबद्दल सांगा."

"तिच्याबद्दल काय सांगू? नेसरीकडच्या नागाप्पाची लेक. नागाप्पा आत्ता गोठ्यात बसून फोन बघत असणार. एका हातात फोन, एका हातात लक्ष्मी म्हशीचा कासरा. नागाप्पा, कासरा सोड थोडा वेळ, पोरीकडं बघ."

त्याच वेळी पंचगंगेचा चेंडू कोपऱ्यातून आत आला आणि रक्षितानं उडी मारून तो बाहेर ढकलला. तानाबाई उभ्या राहिल्या. खुर्ची मागं पडली. त्या परत बसल्याच नाहीत.

शिवकुमारनं चार बोटं दाखवली. थोड्या वेळानं दहा. गल्लीगल्लीच्या व्हॉट्सअॅप गटांवर लिंक फिरायला लागली होती. आमच्या बाळासोचं नाव घेतलं, आमच्या झुंबरबाईचं घेतलं, आता कुणाचं घेतात बघा. तानाबाईंचा आवाज लीगमध्ये आजच पहिल्यांदा लावलेल्या मैदानाच्या लाउडस्पीकरवरून मागच्या गल्लीतही जात होता. मध्यंतराला फाटकातून चाळीस-पन्नास बायका आत आल्या. कुणाच्या कडेवर नातू, कुणाच्या हाताला पीठ. गल्लीत तानाक्का म्हणून हाक मारायची सवय. एकीनं खालूनच विचारलं, "तानाक्का, तू आत कशी?"

"तुमी भाईर कशा, ते सांगा आदी," तानाबाई माइकवरूनच म्हणाल्या. हे जयसिंगपूरपर्यंत ऐकू गेलं.

दुसऱ्या अर्ध्यात मैदानाला आवाज आला. सरांनी डोळे मिटून ऐकला. डावीकडून उठणारा, उजवीकडून उठणारा. त्यांना चौऱ्याऐंशीचा धुरळा आठवला, धाकट्या मोहित्यांचा डावा पाय आठवला. तो धाकटा मोहिते आता हयात नाही. शेवटी पंचगंगा दोन-एकनं जिंकली. दुसरा गोल स्वप्नालीचा. सरांनी विचारलं, "गोल कुणाचा?" तानाबाईंनी सवयीनं नऊ बोटं वर केली आणि मग दोघांनाही हसू आलं.

सामना संपल्यावर शिवकुमार काचेपलीकडून आला. त्याचा चेहरा सरांना वाचता येईना. वर्गातही येत नसे.

"सर्वांत जास्त दोन हजार सातशे चाळीस, सर. तीन हजार झालं न्हाय."

सरांनी माइकची वायर गुंडाळायला घेतली. बाहेर रक्षिता हातमोजे काढत गवतावर बसली होती, तिच्या फोनवर घरून फोन आला होता. ती उठली आणि धावत काचेपाशी आली. "आजी, अप्पा विचारत्यात, तुमाला कुणी सांगितलं लक्ष्मी म्हणून? लक्ष्मी गेल्या वर्षीच विकली. आता हाय ती गंगव्वा."

"परतेक गोठ्यात येक लक्ष्मी असतीया गं. पर आता चुकलं की माझं," तानाबाई म्हणाल्या. "सर, माइक चालू हाय काय? दुरुस्त करतो."

शिवकुमारनं सरांच्या हातातली वायर काढून घेतली. "थांबा सर. भडंगवाल्या काकांचाही फोन आला मघाशी. आकडा विचारला, मी खरा सांगितला. मग मी त्यांना ही रेघ पाठवली." पडद्यावरची रेघ आज चढत गेली होती आणि शेवटपर्यंत उतरली नव्हती. आलेला माणूस गेलाच नव्हता. "ते म्हणाले, आमची आई दुपारी झोपते ती आज झोपली न्हाय. बसून बघितलं आणि विचारतीया, त्या बाईचं म्हायेर कुठलं. फायनल दाखवा म्हणाले. पुढच्या वर्षीचंही बघू म्हणाले. एकच अट."

"कुठली?"

"तानाबाई पाहिजेत."

समितीची बैठक नंतर दोन तास चालली. सचिवांचं म्हणणं होतं की एकदा गल्ली आली की मागनं चप्पल येणार. सर म्हणाले, नियम मी लिहिला होता, चूक माझी होती. संघांना नद्यांचीच नावं राहिली. गल्लीचं नाव घ्यायला हरकत नाही, असं ठरलं. फायनलला गॅलरीत एकही चप्पल उडाली नाही. एका बाईनं पंचाला पिठाचा हात दाखवला, तेवढंच.

यंदा लीगचं दुसरं वर्ष आहे. हिरण्यकेशीच्या गोलात रक्षिताच उभी असते. नागाप्पा अजून आलेले नाहीत, पण त्यांच्या चारही म्हशींची नावं आता सरांनाही पाठ आहेत. सरांना ऐकू थोडं कमी येतं, तेव्हा ते फक्त नंबर आणि वेळ सांगतात. तानाबाई बासष्ट वर्षांच्या आहेत. पापड आता सून विकत आणते. सामन्याच्या दिवशी दुपारी अडीचला तानाबाई चपला घालून मैदानावर जातात आणि पायरीवर बसून नव्या मुलींना विचारतात, कुणाची गं तू.